घटक ७ : वाडी, पाडा, तांडा आणि मतदार यादी

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला :

• 'गाव' या शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थ आणि कायद्यातील अर्थ यांतील अंतर सांगता येईल.
• स्वतंत्र ग्रामपंचायत नसलेल्या वस्तीतील मतदाराची नोंदणी कशी होते, ते स्पष्ट करता येईल.
• विधानसभेच्या मतदार यादीतून ग्रामपंचायतीची प्रभागनिहाय यादी कशी तयार होते, ते सांगता येईल.
• मतदार नोंदणी आणि ग्रामसभेचे सदस्यत्व यांचा संबंध विशद करता येईल.
• आपल्या परिसरातील यादीची पडताळणी करून तिच्यावर टिपण लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ७३ व्या घटनादुरुस्तीचा आणि तिच्यामुळे घटनात्मक दर्जा मिळालेल्या त्रिस्तरीय पंचायत व्यवस्थेचा अभ्यास केला. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची रचना तुम्हाला आता परिचित आहे. तो अभ्यास करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. ती अशी, की गाव आणि ग्रामपंचायत या एकास एक असणाऱ्या गोष्टी आहेत. वास्तव तसे नाही. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, तर महसुली गावांची संख्या सुमारे ४४ हजार आहे. म्हणजे हजारो गावांना स्वतःची ग्रामपंचायत नाही. ती शेजारच्या गावाबरोबर गट ग्रामपंचायतीत समाविष्ट आहेत. शिवाय महसुली गावाच्या पोटात असलेल्या वाड्या, पाडे, टोले, तांडे आणि वस्त्या यांची गणना या आकड्यांत होतच नाही.

तुमच्यापैकी अनेकांचे घर अशाच एखाद्या वस्तीत असेल. तिला नाव आहे, सीमा आहेत, देवस्थान आहे, कदाचित शाळाही आहे. परंतु सरपंच नाही, ग्रामपंचायतीचे कार्यालय नाही आणि शासकीय दप्तरात स्वतंत्र अस्तित्वही नाही. अशा वस्तीतील माणूस स्थानिक स्वराज्यात सहभागी होतो तो कोणत्या मार्गाने? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत घटकाचा हेतू आहे. ते उत्तर मतदार यादीत दडलेले आहे, हे पुढील विवेचनातून तुमच्या लक्षात येईल.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ कायद्यातील गाव आणि लोकांचे गाव

मराठीत वस्तीवाचक शब्दांची समृद्धी मोठी आहे. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर 'वाडी', ठाणे-पालघर-नाशिक-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात 'पाडा', पूर्व विदर्भात 'टोला' आणि 'गुडा', बंजारा समाजाचा 'तांडा', मळ्यात राहणाऱ्यांची 'वस्ती' असे हे शब्द केवळ आकार सांगत नाहीत. त्या लोकसमूहाचा इतिहास, व्यवसाय आणि परस्परसंबंधही त्यांतून व्यक्त होतात. तांड्याला नाईक असतो, वाडीला भावकी असते, पाड्याला सामूहिक निर्णयाची परंपरा असते.

कायद्याला मात्र यांतील कोणताच शब्द पुरेसा वाटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३ नुसार राज्यपालांनी जाहीर अधिसूचनेद्वारे विनिर्दिष्ट केलेले गाव तेच 'गाव', आणि अशा प्रकारे विनिर्दिष्ट केलेला गावांचा समूहही 'गाव'च. गट ग्रामपंचायतीला घटनात्मक आधार मिळतो तो इथे. तीन-चार गावे आणि त्यांच्या आठ-दहा वाड्या एकत्र आल्या तरी पंचायतीच्या दृष्टीने ते एकच गाव ठरते.

याचा परिणाम असा, की वस्ती सामाजिकदृष्ट्या एकसंध असली तरी राजकीयदृष्ट्या ती स्वतंत्र घटक नसते. ती स्वतःच्या नावाने निधी मागू शकत नाही, स्वतःचा सरपंच निवडू शकत नाही, स्वतःच्या सहीशिक्क्याने दाखला देऊ शकत नाही. तिचे नाव शासकीय कागदावर ज्या थोड्या ठिकाणी उमटते, त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे मतदार यादी. विधानसभा मतदारसंघाची यादी 'भागां'त विभागलेली असते आणि भागाच्या पोटात 'विभाग' असतात. अमुक वाडी, तमुक तांडा अशी नावे या विभागांना दिलेली आढळतात. ज्या वस्तीला कायदा गाव म्हणत नाही, तिची ओळख यादीतील त्या एका ओळीत शिल्लक राहते.

७.२.२ एक यादी, दोन आयोग

आपल्याकडे निवडणुका घेणाऱ्या दोन घटनात्मक यंत्रणा आहेत. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. पंचायती व नगरपालिका यांच्या निवडणुका अनुच्छेद २४३-ट आणि २४३-यक नुसार राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. या दोन आयोगांत अनेकांचा गोंधळ होतो आणि त्याची किंमत मतदाराला मोजावी लागते. म्हणून पुढील भाग लक्षपूर्वक वाचा.

मतदाराची मूळ नोंदणी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे होते. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि त्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवासी असलेली व्यक्ती नोंदणीस पात्र ठरते. पूर्वी वयाची गणना केवळ १ जानेवारी या एकाच अर्हता दिनांकावर होत असे. २०२१ मधील कायद्यातील दुरुस्तीमुळे आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणांनाही आगाऊ अर्ज करता येतो. पात्र होताच त्यांचे नाव यादीत येते.

अर्जाचे प्रमुख नमुने तीन आहेत :

(१) नमुना ६ : प्रथमच नाव नोंदविण्यासाठी.
(२) नमुना ७ : यादीतील नावास हरकत घेण्यासाठी किंवा नाव वगळण्यासाठी, उदाहरणार्थ, मृत्यू अथवा कायमचे स्थलांतर.
(३) नमुना ८ : तपशील दुरुस्त करण्यासाठी, पत्ता बदलण्यासाठी किंवा नवे ओळखपत्र मिळविण्यासाठी.

हे अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, तहसील कार्यालयात किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून देता येतात. अर्जासोबत वयाचा व निवासाचा पुरावा जोडावा लागतो. मळ्यातील किंवा पाड्यावरील घराच्या निवासाचा कागद अनेकांकडे नसतो. अशा वेळी अर्ज परत न्यावा लागतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. कागद नसल्यास प्रत्यक्ष स्थळपाहणी करून निवासाची खातरजमा करण्याची तरतूद आहे. अर्जाची पोच मात्र न चुकता घ्यावी. अर्ज नामंजूर झाल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पहिले आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र मतदार नोंदणी करत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आयोग एक दिनांक अधिसूचित करतो आणि त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी जशीच्या तशी घेऊन ती प्रभागनिहाय विभागतो. नंतर प्रारूप यादी प्रसिद्ध होते व हरकती मागविल्या जातात. या टप्प्यावर कोणत्या हरकती चालतात? चुकीच्या प्रभागात पडलेले नाव, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलेले नाव आणि लेखनिकाच्या चुका, एवढ्याच. नवीन नाव या टप्प्यावर दाखल होत नाही.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाल्यावर नमुना ६ भरणारा मतदार पुढील विधानसभेसाठी पात्र ठरेल. समोरच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्याला मत देता येणार नाही. मुख्य गावात चावडी, तलाठी कार्यालय आणि सूचना फलक असतो. तेथील लोकांना अशा तारखा सहज कळतात. तीन किलोमीटरवरच्या वाडीत ती बातमी पोहोचेपर्यंत मुदत सरून गेलेली असते. म्हणून वस्तीतील मतदाराने निवडणुकीची वाट न पाहता यादीची वाट धरावी, हे शहाणपणाचे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

योग्य पर्याय निवडा.
(अ) विवाहामुळे दुसऱ्या तालुक्यात राहावयास गेलेल्या मतदाराने कोणता नमुना भरावा? (१) नमुना ६ (२) नमुना ७ (३) नमुना ८
(आ) ग्रामपंचायतीची प्रभागनिहाय यादी कशावरून तयार होते? (१) शिधापत्रिका (२) विधानसभेची मतदार यादी (३) जनगणना

७.२.३ 'सर्वसाधारण रहिवासी' म्हणजे कोण?

वस्तीतील नोंदणीचा सर्वांत नाजूक प्रश्न निवासाचा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २० मध्ये दोन तत्त्वे सांगितली आहेत. पहिले, केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दुसरे, तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणी आपल्या गावचा रहिवासी असल्याचे थांबत नाही.

दुसरे तत्त्व बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील तांड्यांच्या व वस्त्यांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. मतदार यादीचे वार्षिक विशेष संक्षिप्त पुनरीक्षण सामान्यतः वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत होते. म्हणजे यादी तपासण्यासाठी अधिकारी दारी येण्याचा आणि घराला कुलूप असण्याचा काळ बहुधा एकच असतो. कुलूप पाहून 'कायमचे स्थलांतरित' असा शेरा पडण्याचा धोका इथे उद्भवतो. कायदा या कामगाराच्या बाजूने आहे, हे ध्यानात ठेवा. सहा महिने कोपीवर राहिल्याने त्याचा तांडा सुटत नाही. रहिवासी नाही या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र हा हक्क बजावण्यासाठी वस्तीत कोणीतरी यादी वाचणारे असावे लागते. मागे राहिलेल्या वृद्धांपैकी किंवा विद्यार्थ्यांपैकी एकाने हे काम केले, तर अनेक नावे वाचू शकतात.

पहिले तत्त्व नेमका उलट प्रश्न सोडवते. मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली, पण गावचे घर राखून असलेली कुटुंबे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपुरती गावी येतात. गावाविषयीची त्यांची आस्था खरी असते. तथापि केवळ घर असणे हा नोंदणीचा आधार होत नाही. एकाच व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नोंदविण्यास कलम १७ व १८ मनाई करतात. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लहान वस्तीत अशा दहा-पंधरा नावांनीही निकाल फिरतो, म्हणून हा नियम इथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या सीमेवरील १४ गावांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. महाराजगुडा, मुकदमगुडा यांसारख्या या वस्त्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. दोन्ही राज्यांच्या शाळा, दोन्हींची शिधावाटप व्यवस्था आणि दोन्हींच्या पंचायती तेथे दिसतात. अनेक रहिवाशांची नावे दोन्ही याद्यांत आढळली आहेत. कायद्याच्या दृष्टीने दुहेरी नोंदणी अमान्य आहे. तरीही इथे ती लबाडीतून आलेली नाही. आपण कोणाचे, हे राज्यांनीच निश्चित न केल्याने ती उद्भवली आहे. मतदार यादीतील नोंद ही नागरिकाने शासनाला दिलेली माहिती असते, तशीच ती शासनाने नागरिकाला दिलेली ओळखही असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

७.२.४ प्रभाग रचना : माणसे मोजली जातात, मते मोजली जात नाहीत

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार किमान ७ आणि कमाल १७ असते. पंचायत क्षेत्राचे प्रभाग पाडले जातात. लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण सर्व प्रभागांत शक्य तितके समान असावे, असा घटनात्मक दंडक आहे. 'लोकसंख्या' म्हणजे लगतच्या मागील जनगणनेत मोजलेली लोकसंख्या; मतदारांची संख्या नव्हे. या भेदाचा परिणाम काय होतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, एका गट ग्रामपंचायतीची लोकसंख्या २,४०० आहे. मुख्य गावात १,६००, ओढ्यापलीकडच्या थोरल्या वाडीत ४५० आणि धाकट्या वाडीत ३५० लोक राहतात. सदस्यसंख्या ९ आहे आणि प्रत्येकी ३ सदस्यांचे ३ प्रभाग पाडायचे आहेत. म्हणजे प्रत्येक प्रभागात सुमारे ८०० लोक येतील. आता दोन रचना शक्य आहेत.

पहिली रचना : मुख्य गावाचे दोन प्रभाग आणि दोन्ही वाड्यांचा मिळून एक प्रभाग. इथे वाड्यांना ३ जागा निश्चितपणे मिळतात.

दुसरी रचना : थोरली वाडी मुख्य गावातील ३५० लोकांबरोबर एका प्रभागात आणि धाकटी वाडी मुख्य गावातील ४५० लोकांबरोबर दुसऱ्या प्रभागात. धाकटी वाडी इथे अल्पसंख्य झाली. थोरली वाडी ४५० विरुद्ध ३५० अशी बहुसंख्य दिसते. परंतु समजा, वाडीतील सुमारे ३०० प्रौढांपैकी १८० जणांचीच नावे यादीत आहेत आणि मुख्य गावाच्या त्या आळीतील सर्व २३० प्रौढांची नावे आहेत. मतदानात वाडी १८० विरुद्ध २३० अशी मागे पडते. प्रभागात ३ जागा असल्याने प्रत्येक मतदाराला सदस्यपदासाठी ३ मते असतात. त्यामुळे २३० जणांचा गट एकत्र राहिल्यास तिन्ही जागा तोच जिंकू शकतो.

या उदाहरणातील मर्म नीट समजून घ्या. वाडीतील प्रत्येक माणूस, लहान मुलांसह, प्रभाग पाडताना मोजला गेला. त्याच्या अस्तित्वामुळेच त्या प्रभागाला ३ जागा मिळाल्या. मत देताना मात्र त्यातील मोठा हिस्सा गैरहजर ठरला. नोंदणी न झालेली वाडी केवळ स्वतःचे मत गमावत नाही, तर आपल्या लोकसंख्येचे वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकते.

प्रभाग रचनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. ओढा, डोंगर, रस्ता या नैसर्गिक सीमा डावलून वस्ती दोन प्रभागांत फोडली गेली असेल, तर लेखी हरकत घेण्याची संधी हीच. त्यानंतर ती पुढील रचनेपर्यंत येत नाही.

७.२.५ सरपंचाची निवड आणि 'बिनविरोध'चा प्रश्न

महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरपंचाची थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद करण्यात आली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडीत सर्व प्रभागांतील मतदार सरपंचासाठी मत देतात. साहजिकच मुख्य गावाचे संख्याबळ निर्णायक ठरू शकते. पण मुख्य गावात दोन तुल्यबळ गट असतील, तर लहान वाडीची एकगठ्ठा मते निकाल ठरवतात. वाडीच्या रस्त्याचा विषय अशा वेळी प्रचारात अग्रभागी येतो. ही सौदाशक्तीही अखेर यादीतील नावांवरच अवलंबून असते.

निवडणूक लढविण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आणि त्या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असणे आवश्यक आहे. एकूण जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. विवाहानंतर सासरच्या वस्तीत आलेल्या स्त्रीने नमुना ८ भरून नाव स्थलांतरित केले नसेल, तर तिला मत देता येत नाही आणि राखीव जागेवर उभेही राहता येत नाही.

गावातील तंटे टाळण्यासाठी निवडणूक बिनविरोध करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागे सलोख्याची भावना असू शकते. मात्र निर्णय घेणाऱ्या बैठकीत वाड्यांचे प्रतिनिधी होते का, हा प्रश्न विचारला पाहिजे. कधी कधी बिनविरोधच्या आवरणाखाली पदांची बोली लागते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका सरपंच व सदस्यपदांच्या लिलावाच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. गरीब वस्तीजवळ बोलीत उतरण्यासाठी पैसा नसतो. तिच्याजवळ मत असते. मतदानच टळले, तर तिचे एकमेव भांडवल निरुपयोगी होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

चूक की बरोबर ते सांगा.
(अ) प्रभाग रचना नोंदणीकृत मतदारांच्या संख्येनुसार होते.
(आ) तात्पुरत्या स्थलांतरामुळे सर्वसाधारण निवास संपुष्टात येत नाही.

७.२.६ यादी : मतदानाची आणि ग्रामसभेचीही

मतदार यादीचे काम मतदानाच्या सायंकाळी संपते, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तो अपुरा आहे. अनुच्छेद २४३ मध्ये ग्रामसभेची व्याख्या पाहा : पंचायत क्षेत्रातील गावाच्या मतदार यादीत नोंदल्या गेलेल्या व्यक्तींची मिळून बनलेली संस्था म्हणजे ग्रामसभा. आमदार-खासदार निवडून दिल्यावर मतदाराचे काम पाच वर्षे थांबते. ग्रामसभेचा सदस्य मात्र पाचही वर्षे सदस्य असतो. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे आवश्यक असते. विकास आराखडा, योजनांचे लाभार्थी, खर्चाचा हिशेब हे विषय ग्रामसभेपुढे येतात.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ही संख्या फार मोठी नाही. आपल्या उदाहरणातील थोरल्या वाडीतून ५०-६० नोंदणीकृत मतदार सभेला गेले, तर चर्चेचा सूर बदलू शकतो. ज्या वस्तीला स्वतःची पंचायत नाही, तिला शासनव्यवस्थेशी थेट बोलण्याची हीच जागा आहे; आणि तिचे प्रवेशपत्र म्हणजे यादीतील नाव.

७.२.७ वस्ती 'गाव' होते तेव्हा : पेसा

अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये संसदेने केलेला पंचायतविषयक कायदा 'पेसा' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांतील संपूर्ण किंवा काही क्षेत्र त्याच्या कक्षेत येते. या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. परंपरा व रूढींनुसार आपला कारभार चालविणारा समुदाय ज्या वस्तीत, पाड्यात किंवा पाड्यांच्या समूहात राहतो, ते गाव. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार पाड्यातील मतदारांनी ठराव करून आपल्या वस्तीस गाव म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया सुरू करता येते. घोषणेनंतर त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. ग्रामपंचायत मात्र गटाचीच राहू शकते.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव या संदर्भात अभ्यासकांना परिचित आहे. लेखा गट ग्रामपंचायतीत असूनही या गोंड गावाने आपली स्वतंत्र ग्रामसभा सर्वसहमतीने चालविली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याचा समावेश होतो. तो हक्क त्याला २००९ मध्ये मिळाला. स्वतंत्र पंचायत नसली तरी वस्ती स्वतःचे निर्णय घेऊ शकते, हे या गावाने दाखवून दिले.

इथे एक सूक्ष्म भेद नोंदवून ठेवा. पेसानुसार ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदार यादीतील व्यक्ती. वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावातील सर्व प्रौढ व्यक्ती. एकाच झाडाखाली भरणाऱ्या दोन सभांचे सदस्य कायद्याच्या दृष्टीने वेगळे असू शकतात. प्रत्येक प्रौढाचे नाव यादीत असेल, तेव्हाच हा भेद मिटतो.

७.२.८ तौलनिक दृष्टी

नगरपालिका नसलेल्या वस्तीचा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत अशा असंख्य वस्त्या आहेत. त्यांना महापौर वा नगरपरिषद नसते. 'काउंटी' हा जिल्ह्यासारखा घटक त्यांचा कारभार पाहतो. शाळा, पाणीपुरवठा किंवा अग्निशमन यांसाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र निर्वाचित मंडळे असतात. म्हणजे तेथील मतदार गावासाठी नव्हे, तर सेवेसाठी प्रतिनिधी निवडतो. नोंदणीचे नियम राज्यागणिक बदलतात. नॉर्थ डकोटा राज्यात तर मतदार नोंदणीच नाही. न्यू हॅम्पशायरमधील डिक्सव्हिल नॉच ही अशीच एक छोटी वस्ती. १९६० पासून ती अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मध्यरात्री मतदान करते. २०२४ मध्ये तेथे एकूण ६ मते पडली आणि ती ३-३ अशी विभागली गेली. मतदार जितके कमी, तितके प्रत्येक नोंदीचे मोल अधिक, हे तत्त्व दोन्ही देशांत सारखेच आहे.

७.३ सारांश

वाडी, पाडा, तांडा यांना सामाजिक अस्तित्व असते. पण कायद्याच्या दृष्टीने त्या बहुधा मोठ्या पंचायत क्षेत्राचा भाग असतात. मतदाराची मूळ नोंदणी विधानसभेच्या यादीत होते आणि तीच यादी प्रभागनिहाय विभागून ग्रामपंचायतीसाठी वापरली जाते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यानंतर केलेली नोंदणी त्या निवडणुकीस उपयोगी पडत नाही. तात्पुरत्या स्थलांतराने मतदाराचा हक्क जात नाही. केवळ घर असल्याने तो मिळतही नाही. प्रभाग लोकसंख्येवर पडतात आणि निकाल मतांवर लागतो. म्हणून अपूर्ण नोंदणीचा दुहेरी तोटा वस्तीस होतो. मतदार यादी ही ग्रामसभेची सदस्य यादी असल्याने तिचे महत्त्व मतदानाच्या दिवसापुरते मर्यादित नाही.

७.४ पारिभाषिक शब्द

अर्हता दिनांक : ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात तो दिनांक.
गट ग्रामपंचायत : एकाहून अधिक गावांसाठी असलेली एकच ग्रामपंचायत.
गणपूर्ती : सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती.
प्रारूप : हरकतींसाठी प्रसिद्ध केलेला कच्चा मसुदा.
सर्वसाधारण रहिवासी : एखाद्या ठिकाणी नेहमीचे वास्तव्य असलेली व्यक्ती.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) नमुना ८ (आ) विधानसभेची मतदार यादी.
प्रश्न २ : (अ) चूक (आ) बरोबर.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'कायद्यातील गाव आणि लोकांचे गाव' यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
(२) अपूर्ण मतदार नोंदणीमुळे वस्तीचा दुहेरी तोटा कसा होतो, ते सोदाहरण लिहा.
(३) 'बिनविरोध निवडणूक : सलोखा की मौन?' या विषयावर सुमारे ३०० शब्दांत निबंध लिहा.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या वस्तीचा समावेश असलेल्या यादीचा भाग संकेतस्थळावरून किंवा तहसील कार्यालयातून मिळवा. घरोघर जाऊन पुढील बाबींची नोंद करा : अठरा वर्षे पूर्ण होऊनही नाव नसलेल्या व्यक्ती, विवाहामुळे आलेल्या पण नाव स्थलांतरित न झालेल्या स्त्रिया, हंगामी स्थलांतरित कुटुंबे, मृत व्यक्तींची राहिलेली नावे. प्रत्येक प्रकारापुढे योग्य नमुना क्रमांक लिहा. कोणाचीही वैयक्तिक माहिती अहवालात देऊ नका. केवळ संख्या द्या. ज्यांना अर्ज भरण्यास साहाय्य हवे असेल त्यांना ते करा आणि पोच मिळाल्याची खात्री करून घ्या. कोणत्याही उमेदवाराचा वा पक्षाचा विषय या भेटीत काढू नका. अहवाल ५०० शब्दांत लिहून आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा.